फोटो संपादनातील कलर प्रोफाइल आणि कलर स्पेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात नवरात्र संपली, की फोटो दुरुस्त करून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. घरच्या संगणकावर झळझळीत दिसणारा राणी रंग मोबाइलवर विटका का दिसतो, अल्बम छापून आल्यावर पोपटी चनियाचोळी शेवाळी कशी होते, आणि एकाच फाइलचे तीन ठिकाणी तीन रंग का दिसतात, असे ते प्रश्न असतात. रावपुरा आणि दांडिया बाजार परिसरातील मराठी छायाचित्रकार, लग्नपत्रिकांची मांडणी करणारे आणि ललितकलेचे विद्यार्थी यांच्याशी झालेल्या बोलण्यातून निघालेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मेनूंची नावे फोटोशॉपमधील आहेत. दुसरे सॉफ्टवेअर अभिप्रेत आहे तेथे तसे सांगितले आहे.

कलर प्रोफाइल म्हणजे नेमके काय?

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. एखाद्या ठिपक्यासाठी लाल २००, हिरवा ३० आणि निळा ९० असे तीन आकडे लिहिलेले असतात, परंतु त्या २०० ने दर्शवलेला लाल किती गडद, किती शुद्ध, हे आकडा स्वतःहून सांगत नाही. बडोदे संस्थानात एके काळी बाबाशाही रुपया चालत असे आणि त्याचा भाव ब्रिटिश सरकारच्या रुपयाहून कमी होता. त्या काळच्या जमाखर्चाच्या वहीत नुसते ‘शंभर रुपये’ लिहिलेले सापडले, तर ते कोणते रुपये हे कळल्याखेरीज रकमेचे मोल कळत नाही. ‘हे रुपये बाबाशाही’ अशी वहीच्या पानावरची नोंद जे काम करते, तेच काम फाइलमध्ये जडवलेले प्रोफाइल करते.

या नोंदी सर्व सॉफ्टवेअरांना वाचता याव्यात म्हणून आठ कंपन्यांनी १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन केली. ‘आयसीसी प्रोफाइल’ हे नाव तिच्याच आद्याक्षरांवरून आले आहे. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात जाताना आकडे थेट बदलले जात नाहीत. आधी ते मानवी दृष्टीच्या मोजमापांवर आधारलेल्या एका मधल्या, कोणत्याही यंत्राशी न बांधलेल्या मापात, म्हणजे लॅब (Lab; फोटो छापणारी लॅब नव्हे) किंवा एक्सवायझेड या मापांत, नेले जातात आणि तेथून पुढच्या प्रोफाइलच्या भावाने मांडले जातात. लॅब हे माप १९७६ चे आहे आणि त्याचा पाया १९३१ मध्ये ठरवलेल्या प्रमाण निरीक्षकाच्या, म्हणजे सरासरी मानवी दृष्टीच्या, मोजणीत आहे.

मग कलर स्पेस आणि प्रोफाइल हे एकच का?

नाही, पण बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून सहसा बिघडत काही नाही. कलर स्पेस म्हणजे रंगांचा ठरावीक पल्ला आणि तो मोजण्याची पद्धत; प्रोफाइल म्हणजे त्याचे वर्णन करणारी छोटी फाइल. ही फाइल एसआरजीबीसारख्या ठरवून घेतलेल्या स्पेसची असू शकते, तशी आपल्याच टेबलावरच्या एका विशिष्ट मॉनिटरची किंवा एका विशिष्ट कागदावर छापणाऱ्या प्रिंटरचीही असू शकते. हा दुसरा भेद मात्र विसरू नये, कारण मॉनिटरचे प्रोफाइल कामाची स्पेस म्हणून निवडणे ही आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

कामासाठी कोणती स्पेस निवडावी?

चार नावे वारंवार कानावर पडतात. एसआरजीबी ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. संकेतस्थळे, बहुतेक मोबाइल आणि फोटो लॅबची यंत्रे हिच्याच भाषेत बोलतात. अडोबी आरजीबी १९९८ ची आहे आणि छपाईच्या शाईत उतरणारे निळसर हिरवे रंग सामावून घ्यावेत, हा तिचा हेतू होता. डिस्प्ले पी३ ही अॅपलने रुळवलेली स्पेस डिजिटल सिनेमाच्या मूळ रंगांवरून घेतली आहे. २०१६ च्या आयफोन ७ पासून त्या फोनचे फोटो हिच्यात येऊ लागले. कोडॅकची प्रोफोटो आरजीबी सर्वांत विस्तीर्ण आहे, इतकी की तिच्या तीन मूळ रंगांपैकी दोन प्रत्यक्षात अस्तित्वातच असू शकत नाहीत.

‘मोठी स्पेस म्हणजे चांगला फोटो’ हा समज मात्र टिकणारा नाही, आणि येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी यांचे मूळ लाल आणि मूळ निळे एकच आहेत. फरक आहे तो हिरव्यात. त्यामुळे मोरपंखी, पोपटी, पाचूचा हिरवा यांना अडोबी आरजीबीत जास्त जागा मिळते, पण राणी, डाळिंबी, जांभळा यांना ती जवळजवळ काहीच अधिक देत नाही, कारण हे रंग लाल आणि निळ्याच्या मधल्या रेषेवर बसतात. राणी रंगासाठी म्हणून कॅमेरा अडोबी आरजीबीवर ठेवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

आमचा सल्ला असा, की रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करून स्वतःच छपाई करणाऱ्याने १६ बिटमध्ये प्रोफोटो आरजीबी वापरावी, छापखान्याशी नेहमी संबंध असणाऱ्याने अडोबी आरजीबी वापरावी, आणि जेपेग घेऊन त्याच संध्याकाळी फोटो पाठवून मोकळे होणाऱ्याने निःसंकोच एसआरजीबीत राहावे. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला मोठ्या स्पेसचा लाभ कमी आणि मनस्ताप जास्त होतो.

कॅमेऱ्यात एसआरजीबी ठेवावी की अडोबी आरजीबी?

रॉ घेत असाल तर हा प्रश्न जवळजवळ निरर्थक आहे, कारण रॉ फाइलला स्पेस नसतेच. ती संपादन करताना दिली जाते. कॅमेऱ्यातील ही निवड फक्त जेपेगला, तसेच कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्राला आणि हिस्टोग्रामला, म्हणजे उजेड-अंधाराच्या वाटणीच्या आलेखाला, लागू होते. जेपेग घेणाऱ्याने एसआरजीबी ठेवावी. एखाद्याने दिलेली फाइल अडोबी आरजीबीत घेतली आहे का, हे पुष्कळदा तिच्या नावावरूनच ओळखता येते, कारण कॅमेऱ्यांच्या फाइल-नामकरणाच्या नियमानुसार अशा फाइलच्या नावाची सुरुवात अंडरस्कोरने होते.

‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ यांत फरक काय?

या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. पुन्हा त्या वहीकडे जाऊ. वहीत शंभर बाबाशाही रुपये आहेत. सराफाकडे जाऊन त्या दिवशीच्या भावाने ते मोडले, तर हातात आकडा निराळा येईल पण मोल तेच राहील, हे ‘कन्व्हर्ट’. सराफाकडे न जाता वहीतील ‘बाबाशाही’ हा शब्द खोडून त्यावर ‘सरकारी’ असे लिहिले, तर आकडा शंभरच राहील आणि मोल मात्र कागदोपत्री बदलेल, हे ‘असाइन’. पहिल्यात फाइलमधले आकडे बदलतात आणि दिसणारा रंग शक्यतो तोच राहतो. दुसऱ्यात आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलल्यामुळे दिसणारा रंग पालटतो.

यावरून केव्हा काय वापरावे हे उघड होते. फाइलला योग्य प्रोफाइल आहे आणि ती लॅबला किंवा संकेतस्थळाला द्यायची आहे, तर ‘कन्व्हर्ट’. फाइलला प्रोफाइलच नाही किंवा चुकीचे लागले आहे, आणि मूळ कोणते होते हे आपल्याला ठाऊक आहे, तर ‘असाइन’. फोटो फिका वाटला म्हणून एसआरजीबीच्या फाइलला अडोबी आरजीबी असाइन करून तो ‘खुलवणारे’ काही जण आम्ही पाहिले आहेत. पडद्यावर रंग खुलतात हे खरे, पण त्वचा भाजल्यासारखी तांबूस होते. रंग वाढवायचे असतील तर त्यासाठी ‘व्हायब्रन्स’ आहे. वहीतला शब्द खोडणे हा त्याचा मार्ग नव्हे.

फाइल उघडताना प्रोफाइलविषयी सूचना येते, तेव्हा काय निवडावे?

‘एडिट’ मेनूतील ‘कलर सेटिंग्ज’मध्ये आरजीबीसाठी ‘प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स’ ठेवावे आणि खालच्या तिन्ही ‘आस्क’ चौकटींवर खूण करावी. फाइलचे प्रोफाइल आपल्या कामाच्या स्पेसहून निराळे असल्याची सूचना आली, तर जडवलेले प्रोफाइलच वापरावे. बदलायचे असेल तर काम संपल्यावर बदलता येते. प्रोफाइल नसल्याची सूचना आली, तर फाइल देणाऱ्याला विचारावे. विचारण्याची सोय नसेल, तर एसआरजीबी असाइन करून माणसांच्या चेहऱ्याकडे पाहावे. इंटरनेटवरून किंवा मोबाइलवरून आलेल्या प्रोफाइल नसलेल्या फाइली बहुतांशी एसआरजीबीच्याच असतात. ‘डोन्ट कलर मॅनेज’ हा पर्याय निवडून सूचना कायमची बंद करणे म्हणजे दारावरची घंटा काढून टाकणे होय.

संपादनात रंगीत दिसणारा फोटो पाठवल्यावर फिका का पडतो?

बहुधा फाइल अडोबी आरजीबीत किंवा प्रोफोटोत होती आणि समोरच्या अॅपने प्रोफाइल न वाचता तिचे आकडे एसआरजीबीचे समजून दाखवले. प्रोफोटोची फाइल अशा गैरसमजात सापडली, तर चेहरे हिरवट-राखाडी आणि मरगळलेले दिसतात. एकदा पाहिले, की हे दृश्य पुन्हा ओळखायला अडचण पडत नाही. फोटो लहान करून पुढे ढकलणाऱ्या काही सेवा प्रोफाइल काढूनही टाकतात. म्हणून पाठवण्यापूर्वी एसआरजीबीत कन्व्हर्ट करावे आणि प्रोफाइल जडवून ठेवावे. ‘सेव्ह फॉर वेब’च्या चौकटीत ‘कन्व्हर्ट टू एसआरजीबी’ आणि ‘एम्बेड कलर प्रोफाइल’ या दोन्हींवर खूण हवी. एसआरजीबीचे प्रोफाइल जेमतेम ३ किलोबाइटचे असते, त्यामुळे फाइल जड होण्याची धास्ती नको. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, प्रोफाइल मात्र पाच-सहाशे किलोबाइटचे असू शकते.

नव्या लॅपटॉपवर याच्या उलट, सगळेच फोटो भडक दिसतात, ते का?

त्या पडद्याचा पल्ला एसआरजीबीहून मोठा आहे आणि फोटो दाखवणारे सॉफ्टवेअर त्याची दखल घेत नाही. फोटोशॉपसारख्या प्रोफाइल पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच फोटो शांत दिसला, तर दोष फोटोचा नाही.

मॉनिटर कॅलिब्रेट करणे खरेच आवश्यक आहे का?

पैसे घेऊन काम करणाऱ्याला आवश्यक आहे. येथे दोन वेगळी कामे एकाच नावाखाली होतात. पहिले काम म्हणजे मॉनिटरला ठरावीक स्थितीत आणणे : पांढरा रंग डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण पांढरा), गॅमा (मधल्या छटांच्या उजेडाचे प्रमाण) २.२ आणि उजेड चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला. दुसरे काम म्हणजे त्या स्थितीत तो कोणते रंग कसे दाखवतो हे कलरीमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने मोजून त्याचे प्रोफाइल तयार करणे. हे प्रोफाइल ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचे असते. फोटोशॉप ते तेथून आपोआप उचलते आणि त्याला निराळे सांगावे लागत नाही. ते कामाची स्पेस म्हणून निवडू नये, हे वर आलेच आहे. उपकरण विकत घेणे परवडत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावे. महिन्यातून एकदा प्रत्येकाला ते अर्धा तास पुरते.

‘प्रिंट काळे आले’ या तक्रारीच्या मुळाशी नव्वद टक्के नाही म्हणत, पण आमच्या अनुभवात बहुतेक वेळा अतिप्रकाशित मॉनिटर असतो. दुकानातून आणल्यानंतर उजेड कमी न केलेल्या मॉनिटरवर माणूस फोटो दुरुस्त करताना नकळत अंधारा करत जातो आणि मग लॅबशी भांडतो. आम्हीही एका लॅबशी असे भांडलो होतो, आणि पुढे चूक आमच्या खोलीत निघाली. खोलीतला प्रकाशही मोजणीत धरावा : रंगीत भिंत, उघडी पश्चिमेची खिडकी आणि पिवळा बल्ब या तिन्हींमुळे डोळा फसतो. प्रिंट पारखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात डी५० प्रकाश (डी६५ हून किंचित पिवळसर पांढरा) सांगितला आहे; तो नसेल तर सकाळी उत्तरेकडच्या खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल अशा जागी, प्रिंट पाहावे.

गरब्याच्या फोटोंत निळ्या-जांभळ्या प्रकाशाचे सपाट डाग पडतात, ते प्रोफाइलमुळे का?

अंशतः. मंचावरच्या निळ्या एलईडीचा प्रकाश इतका शुद्ध असतो, की तो एसआरजीबीच्याच काय, अडोबी आरजीबीच्याही पल्ल्याबाहेर जातो. असा प्रकाश चेहऱ्यावर पडला, की निळ्याचा आकडा २५५ ला जाऊन भिडतो, लाल किंवा हिरव्याचा शून्यावर बसतो, आणि नाक, गाल, कपाळ यांच्यातील चढउतार सांगायला आकडेच उरत नाहीत. चेहऱ्यावर रंग फासल्यासारखा एकसारखा पट्टा दिसतो. जेपेगमध्ये हे कॅमेऱ्यातच घडून गेलेले असते आणि नंतरच्या कोणत्याही प्रोफाइलने ते परत येत नाही.

रॉ फाइल हाती असेल तर पुष्कळ वाचवता येते. घेतानाच, एकत्रित हिस्टोग्रामवर विसंबून न राहता, तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम पाहून प्रकाश थोडा कमी ठेवावा. लाइटरूम या रॉ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आतील काम प्रोफोटोच्या मूळ रंगांवर चालते, त्यामुळे तेथे तपशील अजून शिल्लक असतो. ‘कॅलिब्रेशन’ विभागातील निळ्या प्रायमरीचे, म्हणजे मूळ निळ्याचे, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) खाली आणले, की सपाट पट्ट्यातून चेहरा हळूहळू वर येतो. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूलमधील गॅमट कॉम्प्रेशन (रंगांचा पल्ला आत ओढणे) हेच काम करते. त्यानंतर एसआरजीबीचा सॉफ्ट प्रूफ, म्हणजे रूपांतरानंतरचे रूप पडद्यावरच आधी दाखवणारी सोय, लावून पल्ल्याबाहेर राहिलेले भाग पाहावेत. जांभळा प्रकाश संपूर्ण काढून त्वचा ‘नैसर्गिक’ करण्याचा हट्ट धरू नये. गरबा ट्यूबलाइटखाली खेळला जात नाही.

आरशाचे टिकले आणि जरी यांच्यावरचे पांढरे चमकते ठिपके हा प्रोफाइलचा विषय नाही. ते पांढरेच असू द्यावेत.

लॅबला फाइल कोणत्या प्रोफाइलमध्ये द्यावी?

लॅबला विचारून द्यावी, आणि उत्तर न मिळाल्यास एसआरजीबीत द्यावी, कारण फोटो कागदावर प्रकाशाने छापणारी यंत्रे सहसा आरजीबी फाइल एसआरजीबी समजूनच घेतात. फोटो कागद म्हणून सीएमवायकेत फाइल पाठवणे ही अकारण घाई आहे. लॅबने स्वतःच्या कागदाचे प्रोफाइल दिले असेल, तर ते आधी केवळ सॉफ्ट प्रूफसाठी वापरावे : ‘व्ह्यू’ मेनूतील ‘प्रूफ सेटअप’मध्ये ‘कस्टम’ निवडून ते द्यावे, आणि कंट्रोल-वाय दाबून पूर्वीचे व नंतरचे रूप ताडून पाहावे. ‘सिम्युलेट पेपर कलर’वर खूण करताच चित्र एकदम मलूल दिसते. तेव्हा क्षणभर नजर दुसरीकडे वळवावी आणि मग पाहावे, कारण आधीच्या लख्ख पांढऱ्याला सरावलेला डोळा त्या कागदावर अन्याय करतो.

घरच्या प्रिंटरवर छापताना रंगांची जबाबदारी एकाकडेच द्यावी. ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडले असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील रंग-दुरुस्ती बंद करावी. दोघांनीही तेच रूपांतर केले, की प्रिंटवर सहसा किरमिजी झाक येते.

‘परसेप्च्युअल’ निवडावे की ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’?

मोठ्या पल्ल्यातून लहान पल्ल्यात जाताना बाहेर राहिलेल्या रंगांचे काय करायचे, याचे हे दोन निर्णय आहेत. पहिल्यात सगळेच रंग थोडे थोडे आत सरकतात, म्हणजे त्यांच्यातील नाते टिकते. दुसऱ्यात आत मावणारे रंग जागेवर राहतात आणि बाहेरचे तेवढे काठावर आणून बसवले जातात. साध्या फोटोंसाठी दुसरा पर्याय ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’सह (दोन्हीकडच्या सर्वांत गडद काळ्याचा मेळ घालून) उत्तम चालतो. एकाच गडद रंगाच्या अनेक छटा असलेल्या फोटोला, उदाहरणार्थ लाल पैठणी आणि तिच्यावरच्या सुरकुत्या यांना, पहिला पर्याय देऊन पाहावा. एसआरजीबीसारख्या साध्या गणिती प्रोफाइलमध्ये जाताना मात्र परसेप्च्युअल निवडूनही फरक पडत नाही, कारण त्यासाठी लागणारी तक्त्यांची माहिती त्या प्रोफाइलमध्ये सहसा नसते.

लग्नपत्रिकेसाठी सीएमवायकेत केव्हा जावे?

सर्वांत शेवटी, आणि छापखान्याने सांगितलेल्या प्रोफाइलमध्येच. ‘मोड’ मेनूतून नुसते ‘सीएमवायके’ निवडले, तर सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगमधील प्रोफाइल लावते, आणि ते पुष्कळदा अमेरिकेतल्या छपाईसाठी ठरवलेले असते. प्रत्येक प्रोफाइलमागे कागद आणि शाईची मर्यादा गृहीत धरलेली असते. चकचकीत कागदासाठीच्या, फोग्रा३९ या मोजमापावर आधारलेल्या ‘आयएसओ कोटेड व्ही२’ प्रोफाइलमध्ये चारही शाईंची बेरीज ३३० टक्क्यांपर्यंत जाते. तीच फाइल शाई शोषणाऱ्या खरखरीत कागदावर छापली, तर गडद भाग चिखलासारखे होतात आणि शाई मागच्या पानाला लागते. लग्नपत्रिकेचा केशरी आणि तांबडा पडद्यासारखा उजळ येणार नाही, हे यजमानांना आधीच सांगावे. फार आग्रह असेल तर छापखान्याशी बोलून पाचवी, खास मिसळलेली शाई घ्यावी. लहान अक्षरे नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवावीत. आरजीबीतील काळा कन्व्हर्ट झाला, की तो चार शाईंचा बनतो, आणि छपाईत एक रंग केसभर सरकला तरी आजोबांच्या नावाला सावली येते.

८ बिट की १६ बिट?

८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. एसआरजीबीसाठी त्या पुरतात. प्रोफोटोच्या विस्तीर्ण पल्ल्यावर त्याच २५६ पायऱ्या पसरल्या, की त्या उंच होतात आणि बडोद्यातल्या सुरसागर तलावावरच्या संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागतात. प्रोफोटो वापरायची असेल तर १६ बिट अनिवार्य समजावे.

देवघरातील जुने छापील चित्र स्कॅन करायचे आहे. रंग तसेच्या तसे येतील का?

बडोद्यातील अनेक मराठी घरांत रविवर्म्यांची चित्रे अजून भिंतीवर आहेत. ती त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातली किंवा त्यांवरून पुढे निघालेली असतात. येथील राजसंग्रहातली तैलचित्रे निराळी. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागत असे, त्यामुळे तैलचित्राच्या फोटोशी ताडून या छापाचे रंग ‘दुरुस्त’ करू नयेत. समोरचा कागद हाच मूळ धरावा. त्यासाठी आयटी८.७/२ या प्रमाणाचे रंगचौकटींचे छापील कार्ड आधी स्कॅन करून स्कॅनरचे प्रोफाइल बनवता येते. मग चित्र स्कॅन करताना स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील सर्व आपोआप दुरुस्त्या बंद ठेवाव्यात, आलेल्या फाइलला ते प्रोफाइल असाइन करावे, आणि त्यानंतर कामाच्या स्पेसमध्ये कन्व्हर्ट करावे. क्रम उलटला तर सगळे श्रम वाया जातात. इतके करूनही एखादा जुना रंग स्कॅनमध्ये आणि डोळ्याला निराळा दिसू शकतो, कारण स्कॅनरचा दिवा आणि सेन्सर त्या रंगद्रव्याला आपल्या डोळ्यासारखे पाहत नाहीत. तेवढा भाग चित्र शेजारी ठेवून हातानेच जुळवावा लागतो.

फोटोशॉप नसेल तर हे सारे करता येते का?

येते. गिंप या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज’ मेनूत ‘कलर मॅनेजमेंट’खाली असाइन आणि कन्व्हर्ट दोन्ही आहेत. मॉनिटरच्या प्रोफाइलसाठी डिस्प्लेकॅल हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. कलरीमीटर मात्र त्यालाही लागतोच.